टाकीला किती मासे पेलतात?

घरात माशांची पहिली टाकी येते ती बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. ती दुकानातून उचलण्याआधीच प्रश्न येतो: यात किती मासे राहतील? दुकानदार एक आकडा सांगतो, शेजारी दुसरा, जुन्या पुस्तकात तिसराच असतो. तिघेही काच पाहून उत्तर देतात आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. काचेच्या मापावरून मासे कुठे ठेवायचे एवढे कळते. ते तिथे धड राहतील का, हे दोन व्यवहारांवर ठरते: रोज पाण्यात किती खाद्य पडते आणि दर आठवड्याला किती जुने पाणी बाहेर जाऊन नवे आत येते. माशांची संख्या या दोन आकड्यांतून काढायची असते. हा हिशोब घरच्या वहीत मांडता येतो, आणि एकदा मांडला की दुकानातले बरेचसे सल्ले आपोआप तपासून घेता येतात.

आधी टाकीचेच माप नीट घेऊ. २४ × १२ × १२ इंच म्हणजे साडेछप्पन्न लिटर. पण वर दीड-दोन इंच मोकळे सोडावे लागतात, तळाला खडी असते, दगड आणि लाकूड असते. प्रत्यक्षात पाणी राहते ४५ लिटरच्या आसपास. पुढची सगळी गणिते मी ४५ लिटर धरून करणार आहे.

सर्वांत प्रसिद्ध नियम अमेरिकेतून आलेला आहे: एका गॅलन पाण्यामागे एक इंच मासा. अमेरिकी गॅलन ३.८ लिटरचा, म्हणजे आपल्या टाकीत बारा इंच मासे. आता हे बारा इंच दोन प्रकारे भरून पाहा. दीड इंची निऑन टेट्रा आठ घेतले, तर प्रत्येकाचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आत असल्याने सगळे मिळून चार ग्रॅमसुद्धा होत नाहीत. त्याऐवजी बारा इंची पूर्ण वाढलेला एकच ऑस्कर घेतला, तर त्याचे वजन अर्धा किलोच्या घरात जाते. नियमाच्या लेखी दोन्ही टाक्या सारख्याच भरलेल्या आहेत. वजन मात्र सव्वाशे पटींनी वेगळे. कारण उघड आहे. लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, म्हणून वजन आठपट होते. लांबी दहापट झाली तर वजन हजारपट. पट्टीने मासा मोजताना हा घन हिशोबातून गळून जातो.

मग वजनच मोजावे का? दर लिटरला अमुक ग्रॅम मासा, असेही नियम आहेत आणि ते इंचाच्या नियमापेक्षा बरे आहेत. पण तेही पुरते खरे नाहीत. लहान प्राण्याचे शरीर दर ग्रॅममागे मोठ्या प्राण्यापेक्षा जास्त इंधन जाळते. १९३२ साली माक्स क्लायबर यांनी सस्तन प्राणी आणि पक्षी यांची आकडेवारी मांडून दाखवले की शरीराची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यापेक्षा मंद गतीने, सुमारे पाऊण घाताने वाढते. माशांमध्ये हा घात ०.८ च्या आसपास सापडतो. म्हणजे हजारपट वजनाचा मासा हजारपट प्राणवायू घेत नाही, दोनशे ते अडीचशे पट घेतो. हा आकडाही इतका मोठा आहे की इंचाचा नियम त्याच्यापुढे टिकत नाही. त्या नियमाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. पाच सेंटीमीटरच्या आतल्या, सडपातळ माशांपुरता तो वापरला, तर तो नवख्या माणसाला सावध बाजूला ठेवतो. त्याने नुकसान केले आहे ते गोल्डफिश, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांचे.

इंचाच्या नियमापेक्षा जुना आणि माझ्या मते जास्त शहाणा नियम पृष्ठभागाचा. जुनी ब्रिटिश पुस्तके पाण्याचे लिटर मोजत नसत, वरच्या उघड्या पाण्याचे चौरस इंच मोजत: उष्ण प्रदेशातल्या लहान माशांना दर इंचामागे दहा ते बारा चौरस इंच, गोल्डफिशला त्याच्या दुप्पट-अडीचपट. हे नियम हवेचा पंप घरोघरी येण्याच्या आधीच्या काळातले आहेत आणि त्यामागचे कारण पक्के होते. २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात दर लिटरला फार तर ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. आपल्या ४५ लिटरच्या टाकीत तो साडेतीनशे मिलिग्रॅम भरतो. भोवतालच्या हवेत एवढा प्राणवायू अवघ्या सव्वा लिटरमध्ये असतो. सगळी टाकी मिळून सव्वा लिटर हवा! साठा इतका तुटपुंजा असल्याने मासा साठ्यावर जगत नाही, वरून सतत विरघळत येणाऱ्या प्राणवायूवर जगतो, आणि तो येण्याची वाट म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. म्हणून उंच, निमुळत्या टाकीत लिटर वाढतात, पण श्वासाची सोय तेवढी वाढत नाही. गोल भांड्याचे तर याहून वाईट. ३० सेंटीमीटर व्यासाचा गोळा अर्धा भरला, तर उघडे पाणी सुमारे सातशे चौरस सेंटीमीटर असते. तोच सुंदर दिसावा म्हणून पंधरा सेंटीमीटरच्या गळ्यापर्यंत भरला की पृष्ठभाग चौथ्या हिश्श्यावर येतो. पाणी वाढवून आपण माशाचा श्वास कमी करतो. रोम शहराने २००५ साली अशा गोल भांड्यांवर बंदी घातली ती योग्यच होती.

या जुन्या काळाचा आणखी एक धडा विसरला गेला आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात पाणवनस्पती आणि गोल्डफिश ठेवले. सडणारी पाने पाणी बिघडवू लागली, तेव्हा ती खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या, आणि पाणी न बदलता भांडे नितळ राहिले. या प्रयोगातून ‘समतोल टाकी’ची कल्पना रुजली आणि आजही ती सांगितली जाते. सांगताना बहुतेक वेळा एक तपशील सुटतो: वॉरिंग्टन यांच्या भांड्यात छोटे गोल्डफिश दोनच होते. पुढे १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठे मत्स्यालय उभारताना विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांच्याहून कितीतरी मोठा अंधारा हौद बांधला आणि दोघांतले पाणी सतत फिरवत ठेवले. मासे दिसत काचेत, पण जगत त्या हौदाच्या जोरावर. किती मासे राहतील हे समोरच्या काचेवर अवलंबून नसते, हे लॉइड यांना दीडशे वर्षांपूर्वी नेमके कळले होते.

आता खाद्याकडे येऊ, कारण टाकीत बाहेरून येणारी खरी भर तीच. पाकिटावर प्रथिने ४० टक्के लिहिलेली असतील, तर एक ग्रॅम दाण्यांत ०.४ ग्रॅम प्रथिने असतात. त्यातला काही नत्र माशाच्या अंगी लागतो, उरलेला मुख्यतः कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. मत्स्यशेतीत वापरले जाणारे ढोबळ सूत्र धरले, तर एक ग्रॅम खाद्यामागे सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येतो. ४५ लिटरमध्ये ही पातळी दर लिटरला ०.८ मिलिग्रॅम होते. एका ग्रॅमचे हे फळ. हा अमोनिया तसाच राहिला, तर मासे दोन-चार दिवसांत हैराण होतील. तो राहत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजात, खडीवर, काचेवर जिवाणूंचा थर वाढतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. दुसऱ्या पायरीचे श्रेय अनेक वर्षे नायट्रोबॅक्टर या जिवाणूला दिले जाई. १९९८ साली टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम नायट्रोस्पायरा करतो. २०१५ साली तर दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. हे जिवाणू सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती रोज मिळणाऱ्या अमोनियाएवढीच वाढते, जास्त नाही. म्हणून अंतिम संख्या बरोबर असली, तरी सगळे मासे एकाच दिवशी सोडणे चूक ठरते. काल आठ माशांचा मैला पचवणारा फिल्टर आज सोळांचा पचवू शकत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पचवील.

या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, ही गोष्ट बहुतेक हौशी लोकांच्या हिशोबात नसते. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू खर्च होतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यातून आलेल्या ३७ मिलिग्रॅमसाठी जवळजवळ १७० मिलिग्रॅम. वर आपण पाहिले की टाकीत एका वेळी असतो साडेतीनशे. एका ग्रॅम दाण्यांची घाण साफ करताना, माशांच्या श्वासाखेरीज, टाकीतल्या प्राणवायूच्या निम्म्या साठ्याएवढा प्राणवायू जातो. फिल्टर मोठा घेतला की हवे तितके मासे चालतात, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा.

नायट्रेट हे साखळीचे शेवटचे टोक. ते अमोनियाच्या मानाने फारच कमी विषारी आहे, पण साचत जाते. आपल्या टाकीत एक ग्रॅम खाद्य दर लिटरला सुमारे साडेतीन मिलिग्रॅम नायट्रेट वाढवते. आठवड्याला तीन ग्रॅम खाद्य पडले, तर वाढ होईल दहा-अकराची. आता दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले, तर पातळी कुठवर चढेल? ती तिथे थांबेल, जिथे बाहेर जाणारा चौथा हिस्सा आठवड्याच्या वाढीएवढा होईल. दहाची वाढ असेल, तर चाळीसवर. अर्धे पाणी बदलले, तर वीसवर. दहाच टक्के बदलले, तर शंभरवर. सूत्र एवढेच: आठवड्याची वाढ भागिले पाणी बदलण्याचा हिस्सा. सर्वसाधारण माशांसाठी नायट्रेट चाळीसच्या खाली, शक्यतो विसाच्या जवळ ठेवावे, असा अनुभवी लोकांचा संकेत आहे. तो पाळायचा आणि दर रविवारी चौथा हिस्साच पाणी बदलायचे, तर आठवड्याचे खाद्य पावणेतीन ग्रॅमच्या आसपास थांबायला हवे, म्हणजे रोज सुमारे ०.४ ग्रॅम. हे आपल्या टाकीचे अंदाजपत्रक.

त्यात मासे बसवून पाहू. अर्धा ग्रॅम वजनाचा गप्पी किंवा टेट्रा कोमट पाण्यात रोज आपल्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास खातो. ०.४ ग्रॅम खाद्यावर असे दहा ग्रॅम मासे, म्हणजे वीस नग राहू शकतात. चूकभूल आणि वाईट दिवस यांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवली, तर बारा ते चौदा. याउलट बारा-तेरा सेंटीमीटरचा गुबगुबीत गोल्डफिश पन्नास ग्रॅमचा असतो. वजनाच्या एक-दोन टक्केच खाल्ले, तरी त्याला अर्धा ते एक ग्रॅम लागतो. एकट्याने त्याने अंदाजपत्रक ओलांडले. इंचाच्या नियमाने हाच गोल्डफिश तीन-चार टेट्रांच्या बरोबरीचा ठरला असता. दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश ठेवणाऱ्या घरांत पाणी सतत गढूळ का होते आणि मासे वर्षभरात का मरतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. मासे मरतात तो दोष नशिबाचा किंवा दुकानदाराचा नसतो. टाकी पहिल्या दिवसापासूनच तोट्यात असते.

यावर एक वजनदार आक्षेप घेता येतो. झेब्रा डॅनिओ हा आपल्याच नद्या-ओढ्यांतला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही, अभ्यासला जातो. अशा प्रयोगशाळांत दर लिटरला पाच मासे ठेवणे हे सर्रास प्रमाण आहे. त्या हिशोबाने आपल्या टाकीत सव्वादोनशे डॅनिओ राहावेत! मग बारा-चौदाची भाषा कशाला? पण प्रयोगशाळेतल्या छोट्या टाकीतले पाणी तासाला अनेकदा बदलून एका सामायिक मोठ्या फिल्टरकडे जाते, निर्जंतुक होऊन परत येते, आणि त्यातला सुमारे दहावा हिस्सा रोज नवा असतो. काहीही बिघडले की तिथे सूचना देणारी यंत्रणा असते, पर्यायी वीज असते, पगारी माणसे असतात. तिथली टाकी म्हणजे लॉइड यांच्या हौदाचे समोर दिसणारे टोक. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, बळच देते: मासा तोच, काच तेवढीच, आणि क्षमता पंधरा-वीसपट, कारण पाण्याचा व्यवहार वेगळा. ज्याला तसा व्यवहार रोज, वर्षानुवर्षे करता येईल, त्याने जास्त मासे जरूर ठेवावेत. घरात ते कुणाला जमत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पाण्याचा व्यवहार म्हटला की आपल्या नळाला, विहिरीला किंवा बोअरला काय येते, हेही आले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक विहिरी व बोअरांत खतांमुळे आणि सांडपाण्यामुळे ते याहून जास्त सापडते. ज्या घरी बोअरच्या पाण्यातच चाळीस मिलिग्रॅम नायट्रेट आहे, तिथे कितीही पाणी बदलले तरी टाकी चाळीसच्या खाली उतरणार नाही. वरच्या सूत्रात मूळ पाण्याचा आकडा मिळवावा लागतो. दख्खनच्या काळ्या खडकातले भूजल सहसा जड आणि अल्कधर्मी असते, सामू आठच्या आसपास. अमोनियाचा विषारी भाग सामूवर अवलंबून असतो: २८ अंशांना सामू सात असेल, तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो; आठ असेल, तर सहा टक्क्यांहून अधिक असतो. फिल्टर दोन दिवस बिघडला, तर सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात जे घडेल, ते मुंबईच्या तलावांच्या मऊ पाण्यात तितक्या वेगाने घडणार नाही. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, तिथली अडचण वेगळी: अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातली अल्कता खर्च होते, मऊ पाण्यात ती लवकर संपते, सामू घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. तिन्ही ठिकाणी टाकी दोन फुटीच असली, तरी संख्येचे उत्तर एक नाही. दुकानाच्या भिंतीवर लावलेला तक्ता हे सांगू शकत नाही.

ऋतूचेही तसेच. संख्या ठरवताना डोळ्यांसमोर थंडीतली प्रसन्न सकाळ ठेवू नये, मे महिन्यातली पहाट ठेवावी. नागपूर-चंद्रपूरकडे वातानुकूलन नसलेल्या खोलीत टाकीचे पाणी ३३-३४ अंशांवर जाते. २४ अंशांच्या पाण्यात दर लिटरला ८.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३४ अंशांच्या पाण्यात ७.१. साठा सहाव्या हिश्श्याने घटला, एवढेच असते तर निभावले असते. पण त्याच दहा अंशांत माशाच्या शरीराची गरज जवळजवळ दुप्पट होते. पहाटे ही ओढाताण कळसाला पोचते, कारण रात्रभर वनस्पतीही प्राणवायू घेत असतात. त्यात वीज गेली, पंप आणि फिल्टर थांबले. लहान मासे दर ग्रॅम वजनामागे तासाला ढोबळमानाने अर्धा मिलिग्रॅम प्राणवायू घेतात. दहा ग्रॅम माशांना तासाला पाच मिलिग्रॅम लागतील. सव्वातीनशेच्या साठ्यावर, शिवाय पृष्ठभागातून येणाऱ्या भरीवर, ते रात्र सहज काढतील. साठ ग्रॅम मासे असतील, तर तासाला तीस लागतील आणि पाच-सहा तासांत निम्मा साठा संपेल. जिवाणूंचा खर्च यात धरलेला नाही. सकाळी उठून पाहावे तर सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकताहेत, हे दृश्य दाटीच्या टाकीतच दिसते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा, पण त्याच्या भरवशावर मासे वाढवू नयेत.

राहिले रोज ऐकू येणारे काही आक्षेप. पहिला: दुकानात एवढ्याच टाकीत शंभर मासे असतात, तिथे मरत नाहीत. तिथे ते काही दिवसांसाठीच असतात, त्यांना बेताचे खायला दिले जाते, पाणी वारंवार बदलले जाते. आणि मरतही असतात, फक्त दुकान उघडण्यापूर्वी काढले जातात. दुसरा आक्षेप जास्त घातक आहे: मासा टाकीच्या मापानेच वाढतो. दाटीच्या, नायट्रेट साचलेल्या पाण्यात माशाची वाढ खुंटते हे खरे, पण ते आजाराचे लक्षण आहे. ज्या माशाने वीस सेंटीमीटरचे व्हायचे आणि दहा-पंधरा वर्षे जगायचे, तो आठ सेंटीमीटरवर थांबून दोन वर्षांत मेला, याला टाकीशी जुळवून घेणे म्हणता येत नाही. ‘शार्क’ या नावाने तीन इंचांचा चंदेरी मासा विकला जातो, तो मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास आहे. आपल्याकडे तळ्यांत खाण्यासाठी वाढवतात, हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच. नदीत तो मीटरभराहून मोठा होतो. काच साफ करणारा म्हणून दिला जाणारा सकर चाळीस सेंटीमीटर गाठतो आणि साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. यांच्यासाठी घरगुती टाकीत योग्य संख्या शून्य आहे. तिसरा आक्षेप फायटरचा: तो भातखाचराच्या डबक्यात राहतो, मग बरणीत का नको? फायटर हवेतून श्वास घेतो, त्यामुळे प्राणवायूची अट त्याला सैल आहे. अमोनियाची नाही. भातखाचर उथळ असले, तरी एकराच्या मापात पसरलेले असते, वनस्पतींनी भरलेले असते.

वनस्पतींचा मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. दाट वाढणारी पाणवनस्पती, किंवा मुळे टाकीत आणि पाने बाहेर अशी लावलेली साधी मनीप्लांटची वेल पाण्यातले नत्र शोषून घेते. मनीप्लांट विशेष उपयोगी, कारण त्याला कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो आणि वाढ थांबत नाही. अशा टाकीत नायट्रेट चाचणीचा आकडा खरोखर खाली येतो आणि तेवढी मुभा संख्येतही घेता येते. बोअरच्या नायट्रेटवर घरच्या घरी होणारा सर्वांत स्वस्त उपाय हाच.

पुष्कळ घरांत संख्या वास्तूच्या किंवा फेंगशुईच्या सांगण्यावरून ठरते: आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. श्रद्धेशी वाद नाही, पण नऊ वाढलेले गोल्डफिश म्हणजे साडेचारशे ग्रॅम मासे आणि रोजचे साडेचार ते नऊ ग्रॅम खाद्य. आपल्या टाकीची ऐपत ०.४ ग्रॅमची. नऊ हा आकडाच हवा असेल, तर नऊ गप्पी नर या टाकीत सुखाने राहतील.

संख्येला वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, आणि ती पाण्याच्या चाचणीतून कळत नाही. टेट्रा, डॅनिओ, बार्ब हे कळपात राहणारे मासे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, एंजल आणि टायगर बार्ब यांना एकेकट्यापासून दहाच्या गटापर्यंत ठेवून पाहिले गेले. मोठ्या गटांत कळपाने पोहणे वाढते आणि भांडणे, बिथरून धावणे कमी होते, असा त्याचा एकंदर कल होता. दोन टेट्रा, दोन मॉली, दोन एंजल, एक शार्क अशी मिसळ बहुतेक नव्या टाक्यांत दिसते. तिच्यात पाण्यावर भार जास्त पडतो आणि एकाही माशाला आपली सोबत मिळत नाही. बारा-चौदा लहान माशांची जागा असेल, तर ती एकाच जातीच्या दहांना द्यावी आणि तळाला राहणारे तीन-चार लहान कोरीडोरास घ्यावेत. टाकी रिकामी वाटत नाही. उलट कळप एकसंध वळताना दिसतो, जो मिसळीच्या टाकीत कधीच दिसत नाही.

प्रत्यक्षात सुरुवात अशी करावी. प्रत्येक जातीचा पूर्ण वाढलेला आकार आधी विचारून घ्यावा आणि त्यावरच हिशोब करावा. ठरलेल्या संख्येच्या एक-तृतीयांश मासे आधी, उरलेले तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. आठवड्याचे खाद्य बारीक वजनकाट्यावर मोजून एका छोट्या डबीत काढून ठेवावे. घरातल्या कुणीही खायला घालावे, पण त्या डबीतूनच. ज्या घरात आजोबा सकाळी, मुले दुपारी आणि आई रात्री दाणे टाकते, तिथे खरी संख्या कागदावरच्या संख्येच्या तिप्पट असते. पाणी बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी नायट्रेट मोजून वहीत लिहावे. दोन महिने तो आकडा विसाच्या खाली राहिला, तर आणखी तीन-चार मासे घेता येतील. चाळीसच्या वर चढत गेला, तर आधी खाद्य कमी करावे, मग पाणी जास्त बदलावे, आणि तरीही उतरला नाही, तर मासे कमी करावेत.

गप्पी, मॉली, प्लॅटी ठेवणाऱ्यांना हा शेवटचा प्रसंग हमखास येतो. गप्पीची मादी एकदा मिळालेले शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि साधारण दर चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्ले देते. नर काढून घेतले तरी वीण थांबत नाही. म्हणून फक्त नर ठेवणे सर्वांत सोपे. वाढलेले मासे ओढ्यात, तलावात किंवा विसर्जनाच्या वेळी नदीत सोडणे ही दयेपोटी केली जाणारी गोष्ट फार महाग पडते. सकर आज देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत स्थिरावला आहे. त्याच्या काटेरी परांत अडकून मच्छीमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांची अंडी तो फस्त करतो. त्यातले कितीतरी मासे कुणाच्या तरी टाकीत मावेनासे झाले म्हणून पाण्यात गेलेले आहेत. दुकानदार वाढलेले मासे परत घेतो का, हे विकत घेण्याच्या दिवशीच विचारावे. बरेच जण घेतात. जो नाही म्हणेल, त्याच्याकडून सकर, शार्क आणि गप्पीच्या माद्या घेऊ नयेत.